नेहमीची कॉफी

पालेर्मोच्या माफियांची बिंगं पेपरात फोडायचा, तेव्हा सावेरिओ रोज वेगळ्या वेळी, वेगळ्याच कॅफेत जायचा आणि भिंतीला पाठ लावून बसायचा. "मेलं एका जागेची कॉफी तुला गोड लागेल तर शपथ!" बायको निन्फा करवादायची.

पेपर बंद पडला. आता दोघं रोज सकाळी कोपऱ्यावरच्याच कॅफेत येतात. सावेरिओ खुशाल रस्त्याकडे पाठ करून बसतो.

"आज पाच मिनिटं उशीर, काका! नेहमीचीच ना?" वेटरनं हाक दिली.

सावेरिओचे डोळे भरून आले.

"अरे, काय झालं?" निन्फा घाबरली.

"मी कधी, कुठे बसतो हे हुडकायला पिस्तूलवाले गावभर फिरायचे गं. आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, आणि मी अजून जिवंत आहे."