चौथा नियम

नात प्रांजल अंगणवाडीत जायला लागली, त्याच साली रंगुबाई अक्षरं शिकली. पुढच्या मार्चमध्ये ती सांगलीच्या विश्रामबागेत, दवाखान्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कार्यालयात खिडकीसमोर उभी होती. दहिवडीहून पहिली एसटी धरून आली होती.

"मावशी, तक्रार नानासोंची होती," खिडकीतला कारकून अश्फाक म्हणाला. "तुमचे मालक वारले. तक्रारदार मयत झाला की फाईल बंद करावी लागते. इथं अंगठा द्या."

"अंगठा न्हाई. सही करती मी," रंगुबाई म्हणाली. "पर आदी वाचती."

ऑपरेशनात नानासोंच्या पोटात कापडाची घडी राहिली होती. दुसऱ्या दवाखान्यानं ती सात महिन्यांनी काढली. तोवर आत सगळा पू झाला होता. पहिला डॉक्टर म्हणाला, असं काही घडलंच नाही. नानासोंना भरपाई नको होती. ती घडी आत कशी राहिली, एवढं त्यानं लिहून द्यावं, म्हणून त्यांनी अर्ज केला होता. फाईल बंद झाली की ते कुणीच विचारणार नव्हतं.

रंगुबाईनं पिशवीतून नियमांचा कागद काढला. अर्जाच्या पोचेबरोबर कार्यालयानंच तो पाठवला होता. मधोमध दुमडून तो विरत आला होता. घडीच्या वरचे तीन नियम बोटं लागून काळपट झाले होते. खालचा चौथा मात्र कोरा, पांढराशुभ्र.

तिनं चौथ्यावर बोट ठेवलं. "तक्... तक्रारदार... म... मयत..."

"आवं मावशी, शाळा हितंच भरवली व्हय?" मागून आकाराम नावाचा माणूस ओरडला. "आमाला बी घरं हायती."

"साठ वर्सं थांबली मी, बाबा. तू धा मिंटं थांब."

रांग हसली. बोट पुढं सरकलं. "तक्रारदार मयत झाल्यास चौकशी बंद करता येईल." तिनं ते पुन्हा एकदा वाचलं. बोट शेवटच्या शब्दावर थांबलं.

"सायेब, हितं 'येईल' लिवलंय. 'करावी लागंल' असं न्हाई."

अश्फाकनं कागद ओढून घेतला. अकरा वर्षं तो याच नियमानं फायली बंद करत आला होता. त्यानं ओळ दोनदा वाचली, उठला आणि आत अधिकाऱ्यांकडं गेला. परतला तेव्हा हातात दुसरा अर्ज होता.

"वारस म्हणून इथं सही करा. चौकशी चालू राहील. डॉक्टरला नोटीस जाईल."

रंगुबाईनं सावकाश सही केली. उकार विसरला होता, तो मागून दिला.

"वाचायला कुणी शिकवलं, मावशी?"

"मालकांनीच. आंथरुणावर पडून. प्रांजलची पाटी आन ह्योच कागद. तीन नियम लय येळा वाचून घेतलं. चवथा आला की कागद दुमडायचं. म्हणायचं, त्यो तुझी तू वाचशील."

तिसरा नियम तिनं न अडखळता वाचला तो रविवार होता, ९ फेब्रुवारी २०२५. त्याच दिवशी संध्याकाळी नानासो वारले.