माप कुणी दिलं?

शिवणकारखान्यातल्या मुकादमबाईंनी बारा वर्षांत कधी कुणाचा चारचौघांत पाणउतारा केला नव्हता. चूक झाली की चुकणारीला बाजूला घेऊन हळू आवाजात समजवायच्या. म्हणूनच चारशे गणवेशांच्या बाह्या दोन बोटं आखूड कापल्या गेल्या आणि मालकांनी सगळ्यांसमोर "माप कुणी दिलं?" म्हणून आवाज चढवला, तेव्हा कापणारीनं स्वतःच लिहिलेली मापाची चिठ्ठी मुठीत लपवलेली बघून त्या म्हणाल्या, "मीच. माझीच चूक."

कापणारी मान खाली घालून पुन्हा कापडाकडे वळली. मालकांनी त्याच दुपारी बाईंना मागच्या खोलीत एकटीला बटणं लावायला बसवलं आणि त्यांच्या जागी मुकादम नेमलं, ते नेमकं त्या कापणारीलाच.

हुद्दा गेल्याचं बाईंना फारसं वाटलं नाही. पण खरं ठाऊक असलेल्या बायकाही आता नजर चुकवून जायच्या. "या बाई, जेवायला" असं कुणी म्हणेना. पंधरा दिवस त्यांनी भिंतीकडे तोंड करून डबा खाल्ला. सोळाव्या दिवशी त्यांनी नोकरी सोडायचा अर्ज लिहायला घेतला, तोच नवी मुकादम दारात येऊन उभी राहिली.

"काय गं, काही अडलं का?" बाईंनी सवयीनं विचारलं.

ती स्टूल ओढून शेजारी बसली आणि तिनं आपला डबा उघडला.



"सरका थोड्या, बाई. मालकांना खरं काय ते सांगून आलेय. आता मीही इथेच."