स्टेअरिंगखालचा दांडा

चावी लपवून उपयोग झाला नव्हता. आप्पांकडं दुसरी होतीच. मागच्या आठवड्यात ते सदलग्याला निघाले आणि खानापूरला पोचले. कसे, त्यांनाच कळेना. हात सवयीनं जाईल तिथं गिअर सापडला नाही तर ते गाडी चालवायचं सोडतील, म्हणून त्यांना न विचारता मी मिस्त्रीकडून ॲम्बॅसिडरचा स्टेअरिंगखालचा गिअर काढून चार गिअरचा दांडा खाली पायापाशी बसवून घेतला. आज आप्पा गाडीत बसले. मी बाहेर ओढणी पिळत उभी. क्लच दाबून त्यांनी डावा हात स्टेअरिंगखाली नेला. तिथं काहीच नव्हतं. परत नेला. “गिअर कुठं गेला गं?” “मोडला आप्पा. आता खाली हाय.” त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडं. चावी मला देऊन ते पलीकडं बसले. “तूच चालव.” सुटल्यासारखं वाटलं. मी क्लच दाबला आणि त्यांनीच शिकवलेला माझा हात स्टेअरिंगखाली गेला. आप्पांनी तो धरून दांड्यावर ठेवला. “तिथं न्हाय गं, खाली.”