अर्ध्यावरचा काटा

"थेट मागेच गेलास?" शेडच्या दारातून थेल्मानं विचारलं. "ऑरिन म्हणायचा, पेट्रोलचा काटा खोटं दाखवायला लागला की पुढून बघत यायचं. आधी मीटर, मग वायर, टाकी सगळ्यात शेवटी."

लायल ट्रकची सीट पुढे पाडून तिच्या मागे डोकं खुपसून बसला होता. "ऑरिन गुरं सांभाळायचा, थेल्मा. गाड्या मी सांभाळतो. माझा हात आपोआप दुखऱ्या जागी जातो." मग तो हसला. "तुला गाडीचंही शिकवून ठेवलं होतं वाटतं त्यानं?"

"सगळंच शिकवलं होतं. वायोमिंगच्या हिवाळ्यात माणसाला दुसरं काम काय असतं?"

ट्रक हिरवा, अठ्ठावन्न सालचा. त्याची पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे. पेट्रोल असलं की ते चालवणाऱ्याच्या पाठीशी डुचमळत राहतं. याच ट्रकमध्ये गेल्या हिवाळ्यात थेल्माचा नवरा, ऑरिन, केटल खिंडीत गोठून मेला होता. टाकी ठणठणीत कोरडी आणि काटा मात्र अर्ध्यावर. बाहेरच्या वादळात त्याला पाठीमागचं काही ऐकू आलं नसावं. शेरीफनं जुन्या गाडीला बोल लावला आणि प्रकरण मिटलं. मीटरच्या काचेला एक तडा तेवढा राहिला. ऑरिननं तिथं बोट आपटून आपटून पाहिलं असणार.

त्यानंतर वर्षभर थेल्मानं शेडला कुलूप घातलं. ट्रकला कुणाला हात लावू दिला नाही, लायललासुद्धा नाही. आणि त्यानं तिच्यासाठी काय करायचं बाकी ठेवलं होतं? लाकडं फोडली, कुंपण उभं केलं, रविवारी चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा सोडली नाही. वसंतात त्यानं लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, ऑरिनचा ट्रक दारातून गेला की उत्तर देईन. आता खिंडीपलीकडचा, जुन्या गाड्यांचा एक हौशी माणूस ट्रक घ्यायला तयार झाला होता, पण मीटर चालू हवं ही त्याची अट होती. शेडचं कुलूप निघालं तेव्हा लायलचा जीव भांड्यात पडला.

त्यानं टाकीजवळच्या वायरीवरची चिकटपट्टी सोलली, मधला वाटाण्याएवढा खराब भाग कापून काढला, टोकं जोडली आणि वर नवी पट्टी गुंडाळली. कापलेला भाग कोटाच्या खिशात टाकला.

"उंदरांनी कुरतडली होती," तो म्हणाला.

"उंदरांनी? काय सांगतोस!"

त्यानं किल्ली फिरवली. काटा थरथरला आणि सरळ तळाला जाऊन बसला. टाकी कोरडीच होती, म्हणजे काटा आता खरं दाखवत होता. थेल्मा त्या काट्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"एवढंसंच होतं तर," ती म्हणाली. तिच्या आवाजानं लायलच्या अंगावर उगाचच काटा आला. शेडमध्ये आपल्या दोघांखेरीज आणखी कुणी उभं आहे, असं त्याला वाटून गेलं.

"चल, खाऊन घे," ती म्हणाली. "आत्ता निघालास तर अंधाराच्या आत पलीकडे पोचशील. सकाळी तो माणूस तुला आणून सोडेल."

"आभाळ बघितलंस का? उद्या नेला तर?"

"भ्यालास? ऑरिन असल्या आभाळाला हसायचा."

ऑरिनशी तुलना झाली की लायलचं डोकं फिरायचं. "आजच नेतो," तो म्हणाला. पक्कड आणि चिकटपट्टी सीटवरच टाकून तो तिच्या मागोमाग घरात गेला.

स्वयंपाकघरात चूल धगधगत होती. त्यानं कोट दाराजवळच्या खुंटीला अडकवला. तिनं बीफचा गरम रस्सा आणि मक्याचा पाव त्याच्यापुढे ठेवला.

"तू जेव सावकाश. मी अंगणातल्या टाकीवरून पेट्रोल भरते." तिनं खुंटीवरचा त्याचाच कोट ओढला. "तुझाच घेते रे, हाताशी आहे."

लायलच्या हातातला चमचा तसाच राहिला. बायका नवऱ्याचा कोट असाच अंगावर टाकतात. आपण जिंकलो, असं त्याला वाटलं आणि तो मनातून अगदी सुखावला. तिला यायला बराच उशीर लागला, तेवढ्यात त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

ती आली तेव्हा तिच्या केसांत बर्फ होतं आणि हातांना पेट्रोलचा वास येत होता. कोट तिनं स्वतः त्याच्या अंगावर चढवला, बटणंही लावली.

"अर्धी भरलीय. खिंड उतरून जायला तेवढी पुरते. आतली घोंगडी आणि फावडं काढून ठेवलंय हं. ट्रक विकलाय, संसार नाही."

"आणि माझं उत्तर?"

"ट्रक गेला की देईन म्हणाले होते ना? मग देणारच."

त्यानं किल्ली फिरवली. काटा वर चढून अर्ध्यावर थांबला. स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेलं मीटर, त्यावर अविश्वास कशाला दाखवायचा? तो निघाला.

सुरुवातीला पाठीमागे पेट्रोल डुचमळत होतं. चढण लागली तसा वारा सुटला, बर्फ आडवं येऊ लागलं, आणि वाऱ्याच्या घोंघावण्यात दुसरं काही ऐकू येईना. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खिंडीच्या माथ्याजवळ इंजिन खोकलं, पुन्हा एकदा खोकलं आणि बंद पडलं.

लायलनं काट्याकडे पाहिलं. काटा अर्ध्यावर होता. त्यानं काचेवर बोट आपटलं. बोट नेमकं त्या तड्यावर पडलं. वारा क्षणभर थांबला, तेव्हा सीटवर बसल्या बसल्या त्यानं सगळा ट्रक गदागदा हलवला आणि कान देऊन ऐकलं. पाठीमागे काहीच डुचमळलं नाही.

मग त्यानं कोटाच्या खिशात हात घातला. एक खिसा, मग दुसरा. दोन्ही उलटे करून झटकले. टाकी भरलेली असो की रिकामी, काटा अर्ध्यावरच राहावा म्हणून गेल्या वर्षी ऑरिनच्या नकळत त्यानं त्या वायरीत बसवलेला तो वाटाण्याएवढा तुकडा खिशात नव्हता.