डिसेंबरातल्या मॅच

निहार अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा फिजिओ. "डिसेंबरात लीगबाहेरच्या मॅच असतात बाबा, कसा येऊ?" हे उत्तर ऐकण्याचं हे चौथं वर्ष.

म्हणून मुलुंडहून त्याचे बाबा, श्यामकांत, टीमच्या फॅन ग्रुपवर रोज भांडायचे.

"डिसेंबरात मॅच कमी ठेवा. पोरं दमतात."

"कोण हा भित्रा? तगड्या टीमशी खेळल्याशिवाय पोरं तयार कशी होणार?"

यंदाचं वेळापत्रक आलं. डिसेंबरात सलग बारा दिवस मोकळे! माळ्यावरची गादी उन्हात टाकून त्यांनी फोन लावला.

"हो ना बाबा, झकास! आम्ही सुट्टीसाठी मेक्सिकोचं बुकिंगपण केलं."




दुसऱ्या दिवशी श्यामकांतांनी ग्रुपवर लिहिलं, "पुढच्या डिसेंबरात एकही दिवस मोकळा ठेवू नका."