सर्वांत दांडगा कोण?

आइस हॉकीच्या इतिहासातला सर्वांत दांडगा खेळाडू कोण, यावर टीव्हीवर तज्ज्ञांची हमरीतुमरी चालली होती आणि प्रेक्षकांकडून मतं मागवली होती. बाबांनी घरातले सगळे फोन मांडीवर गोळा केले, व्हीलचेअरची चाकं फिरवत शेजारच्या काकांचाही फोन आणला, आणि वीस वर्षांपूर्वी सामना खेळताना ज्याच्या धडकेने त्यांचे पाय कायमचे गेले, त्याच धटिंगणाला सगळी मतं देऊन टाकली.

"अहो, त्या मेल्याचा प्रचार करताय? लाज कशी वाटत नाही?" आई कडाडली.

"अगं, पहिला येईल त्याचीच सर्वांत गाजलेली धडक दाखवणार आहेत," बाबा म्हणाले.


"तिच्यात सुरुवातीचे तीन सेकंद मी माझ्या पायांवर असतो."