ताईंचा नंबर

"ताई, निघालात का? तुमचा नंबर चारला न्हाई, दोनलाच लागतोय. आदीची पाच माणसं आलीच न्हाईत!"

प्रभुलिंगअप्पांनी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्या कोऱ्या काचेकडे बघितलं. मग पुन्हा कानाला लावला.

"कोण ताई? कुठला नंबर?"

पलीकडचा माणूस जपून म्हणाला, "हा ताईंचाच फोन हाय की. तुमी कोण?"

अप्पांच्या डोक्यात उजेड पडला. पुण्याच्या मुलानं आईला आणि वडिलांना एकेक नवा फोन पाठवला होता. त्यांच्या बायकोनं, राजेश्वरीनं, आपला आल्या दिवशी खोक्यातून काढलाही नव्हता. "माझं जुन्यावर भागतंय," म्हणाली होती. अप्पांना मात्र दम नव्हता. सकाळीच ते मोबाइलच्या दुकानात गेले होते. तिथल्या सृष्टीनं जुनं कार्ड काढून बाजूला ठेवलं, स्क्रीनवरचा चौकोनी कोड फोनसमोर धरला आणि म्हणाली, "झालं अप्पा. आता सिम फोनच्या पोटातच. दोन तासांत नेटवर्क येईल."

नेटवर्क आलं, पण फोन वाजेना. अप्पांचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान. एरवी सकाळपासून फोन खाली ठेवायची सोय नसते. आणि आज पहिला फोन आला तो हा.

"कोडची अदलाबदल झालेली दिसते," अप्पा म्हणाले. "माझ्या फोनात ताईंचा नंबर आलाय. पण नंबर लागतोय तो कशाचा?"

"गाडीच्या लायसनचा हो! मी पृथ्वीराज, ड्रायव्हिंग स्कूलचा. आज ताईंची टेस्ट हाय. मी हितं मैदानावर अडकलोय आन् ताई घरी चार वाजायची वाट बघत बसल्या असतील."

"मग घरी कळवा की."

"तेच तर! घरी कुणाला म्हाईत न्हाई. दोन महिनं चोरून शिकत्यात. नवऱ्याला एकदा विचारलं व्हतं म्हणं, तर त्यो म्हणला, तुला सायकल तरी येते का?"

"असं बोलला?" अप्पा खुर्चीतून उठलेच. "बायकोला?"

"व्हय. नाव मात्र इचारू नका. ताईंनी शपथ घातलीया."

"नाही विचारत. दोनच्या आत ताई तिथं पोचतील, ही जबाबदारी माझी."

घड्याळात सव्वा वाजला होता. अप्पांनी आपल्याच नंबरावर दोनदा फोन लावून पाहिला. दोन्ही वेळा तो बोलण्यात गुंतलेला होता. मग दुकान नोकरावर सोडून त्यांनी गाडी काढली. वाटेत त्यांचं त्यांनाच हसू येत होतं. कितीतरी दिवसांत कुणासाठी असं धावायची वेळ आली नव्हती.

सृष्टी काउंटरवर कपाळाला हात लावून बसली होती.

"चुकलं अप्पा. तुमच्या पाठोपाठ असाच नवा फोन घेऊन एक ताई आल्या होत्या. दोघांचे कोड एकदमच आले आणि गर्दीत उलटसुलट झाले. त्यांचा आत्ताच फोन आलेला. रिक्षानं निघाल्यात. लई घाबरल्यात."

"घाबरायचं काय त्यात?"

"म्हणत होत्या, फोन भलत्याच माणसाकडं गेलाय." सृष्टीनं स्क्रीनवर दोघांचे अर्ज उघडले. वाचता वाचता ती थांबली, अप्पांकडे बघितलं आणि ओढणी तोंडाला लावली. "अप्पा, ह्या ताई म्हणजे..."

"नाव सांगू नकोस!" अप्पांनी हात वर केला. "त्यांचं गुपित आहे. मी शब्द दिलाय."

"पण अप्पा..."

"अगं, चोरून गाडी शिकते बाई! का, तर नवरा हसतो म्हणून. कसला माणूस असेल तो? भेटला तर दोन शब्द सुनावीन."

"सुनावा की," सृष्टी म्हणाली आणि घाईघाईनं टेबलाखाली काहीतरी शोधू लागली. तिचे खांदे हलत होते.

"हसतेस काय? आमच्या घरी बघ. मी राजेश्वरीला कधी कशाला नाही म्हणालेलो नाही. गाडी शिकायची असती, तर मी स्वतः शिकवली असती. आता तिनं कधी विचारलंच नाही, त्याला मी काय करणार?"

टेबलाखालून नुसतं खोकणं ऐकू आलं.

बाहेर रिक्षा थांबली. पंजाबी ड्रेस, पायात बूट आणि उन्हासाठी डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ अशा वेशातली एक बाई उतरली आणि रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून बोलू लागली. घरात नेहमी साडी बघायची सवय असलेल्या अप्पांना तो वेश फारच आवडला. हिच्यात हिंमत आहे, असं त्यांना वाटलं.

दोनला वीस मिनिटं होती. अप्पा पायऱ्या उतरून पुढे झाले आणि आदबीनं हात जोडले.

"या ताई. काही घाबरू नका. तुमचा नंबर दोनलाच लागतोय, पृथ्वीराजचा निरोप आहे. मी सोडतो तुम्हाला, गाडी तयार आहे. आणि हे बघा, नवरा काय म्हणतो ते मनावर घ्यायचं नाही. त्याला अक्कल नाही, असं समजायचं."

बाई पाठमोरी होती ती वळली. तिनं अप्पांकडे नीट बघितलं, दारात हसून हसून बेजार झालेल्या सृष्टीकडे बघितलं. मग स्कार्फची गाठ सोडली आणि राजेश्वरी म्हणाली, "समजले. चला आता, पण गाडी मी चालवणार."